नजर मनोऱ्यावर, हात पाऊचवर

पॅरिसला निघालो म्हटल्यावर सांगलीतल्या निम्म्या लोकांनी चॉकलेटं आणायला सांगितली आणि निम्म्यांनी पाकीट सांभाळायला. आम्ही दुसऱ्यांचं ऐकलं. मे २०२५ची गोष्ट. आम्ही तिघं: आमचे अहो, माझ्या थोरल्या नणंदबाई माई आणि मी. माईंचे गुडघे टूरवाल्यांच्या वेगाने चालत नाहीत, म्हणून आमचं आम्हीच सगळं बुक केलं होतं. मी हयातभर सहकारी बँकेत कॅशियर होते, त्यामुळे पैशाचं खातं न मागता माझ्याकडे आलं.

दोन वेगळ्या बँकांची कार्डं घेतली, एक माझ्याकडे, एक अहोंकडे. रोकड थोडीच, तीही तिघांत वाटलेली. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहणार आणि अंगावर फक्त रंगीत झेरॉक्स, व्हिसाच्या पानासकट. माईंनी परकराला चेनचा चोरखिसा शिवून घेतला होता. अहोंना कमरेला बांधायचं पाऊच दिलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. पाकीट पँटच्या मागच्या खिशात ठेवायची जन्माची सवय! पण माई म्हणाल्या, "बांध गपचूप," आणि थोरल्या बहिणीपुढे आमच्याकडे अपील चालत नाही.

शनिवार

शार्ल द गोल विमानतळावर सामान घेऊन दाराकडे वळतोय तोच एक सुटाबुटातला गृहस्थ "टॅक्सी, मॅडम?" म्हणत शेजारी चालायला लागला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, बोलणं अदबीचं. तिघं सामानासकट शहरात, ९० युरो. त्याने माझ्या बॅगेच्या मुठीला हातही घातला. इथे एक गोष्ट घोकून गेले होते: या विमानतळावरून पॅरिस शहरात अधिकृत टॅक्सीचा दर ठरलेला असतो. तेव्हा सेन नदीच्या उजव्या तीराला ५६ युरो होता, डाव्या तीराला ६५. ट्रॅफिक लागो, रात्र असो, दर तोच. अधिकृत टॅक्सी बाहेरच्या रांगेतच मिळते, तिच्या टपावर दिवा असतो, आणि तिचा चालक कधीही आत येऊन गिऱ्हाईक शोधत नाही. आत येऊन विचारतो तो टॅक्सीवाला नव्हेच, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आमचं हॉटेल डाव्या तीरावर, १५व्या विभागात. आरईआर रेल्वेने माणशी १३ युरो पडले असते, पण मध्ये गाडी बदला, जिने चढा, आणि बॅगांमुळे दोन्ही हात अडकलेले. चोराला आणखी काय हवं? टॅक्सीच घेतली. चालकाने निघण्याआधी मागे वळून माझी पर्स सीटवरून उचलून पायाशी ठेवायला खुणावलं. शहराकडे येणाऱ्या ए-१ महामार्गावर गाड्या तुंबल्या की मोटरसायकलवाले काच फोडून मांडीवरची पिशवी उचलतात, हे त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. माई सगळा रस्ता दोन्ही पाय पर्सवर ठेवून बसल्या.

संध्याकाळी थोडे युरो काढायला बाहेर पडले. यंत्र बँकेच्या भिंतीतलंच निवडलं. पर्यटकांच्या रस्त्यावर सुटी उभी असलेली यंत्रं जास्तीचं शुल्क लावतात. पडद्यावर प्रश्न आला: रक्कम रुपयांत वजा करू की युरोत? रुपये बघून आपल्याला बरं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. रुपये निवडले की दर त्या यंत्राच्या मालकाचा लागतो, आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा हमखास महाग असतो. दुकानातल्या कार्ड मशिनवरही हाच प्रश्न येतो. उत्तर दरवेळी एकच, युरो. ही काही चोरी नव्हे, सगळं कायद्यात बसवलेलं असतं. म्हणूनच मला खिसेकापूपेक्षा याचा जास्त राग येतो.

रविवार

ट्रोकादेरोच्या कठड्यावरून आयफेल टॉवर अख्खा समोर आला. माई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तपकिरी आहे! मला वाटायचं काळा असेल." १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभा केलेला हा मनोरा वीस वर्षांनी उतरवायचा होता. बिनतारी संदेशांसाठी त्याचा उपयोग व्हायला लागला म्हणून तो वाचला. आज अँटेनासकट उंची ३३० मीटर.

पायऱ्या उतरून येना पुलावर आलो तर माणसांचं रिंगण दिसलं. मध्ये एक उकिडवा बसलेला माणूस, समोर चटईचा तुकडा, त्यावर तीन काळ्या वाट्या, आणि एकीखाली पांढरी गोळी. तो वाट्या फिरवतो, गोळी कुठे ते सांगायचं. पन्नास लावा, शंभर घ्या. अहो म्हणाले, "मधली." बरोबर निघाली. पुन्हा म्हणाले, "डावी." तीही बरोबर. तो वाट्या मुद्दाम सावकाश फिरवत होता, बघणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटावं म्हणून.

मी वाट्यांकडे बघतच नव्हते. माझी नजर सवयीने नोटांवर. लाल टोपीवाल्या एकाने पन्नासच्या दोन नोटा जिंकल्या. त्यांतल्या एकीच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा ठिपका होता. तो आनंदाने मुठी उडवत रिंगणाबाहेर पडला. थोड्या वेळाने एका सोनेरी केसांच्या बाईने पन्नास लावले. नोटेवर तोच ठिपका! ती जिंकली, दोन नोटा घेऊन गेली, आणि पुढच्या डावात ठिपकेवाली नोट एका काकांच्या हातात. म्हणजे जिंकणारे सगळे घरचेच. पाहुणा एकच होता, पाठीवर सॅक घेतलेला एक कोवळा पोरगा. त्याने पन्नास लावले, हरले. भरपाईला आणखी पन्नास लावले, तेही गेले. त्याच्या वेळी वाट्या सावकाश फिरल्या नाहीत.

आणखी दोघं रिंगणाच्या कडेला होती, खेळाकडे पाठ करून रस्ता न्याहाळत. एकाने शीळ घातली. चटई गुंडाळली गेली, लाल टोपी, सोनेरी केस, काका, सगळे चार दिशांना पांगले, आणि सायकलवरचे पोलीस येईपर्यंत पुलावर फक्त आम्ही पर्यटक उरलो. पोलीस पुढे गेल्यावर शंभर पावलांवर तीच चटई पुन्हा अंथरलेली. या खेळात लावणारा हरतोच, पण नुसतं बघणाराही सुटत नाही. माणसं माना पुढे काढून वाट्यांत गुंतलेली असताना मागून कोणाचा तरी हात फिरत असतोच.

याच मनोऱ्याखाली ही गंमत चालावी यात नवल नाही. १९२५ साली, म्हणजे आम्ही गेलो त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, व्हिक्टर लुस्टिग नावाच्या ठगाने अख्खा आयफेल टॉवर विकला होता. सरकारी खात्याचा अधिकारी असल्याची बतावणी करून त्याने भंगारच्या बड्या व्यापाऱ्यांना प्लास द ला कॉंकॉर्डवरच्या क्रियों हॉटेलात बोलावलं आणि सांगितलं, डागडुजीचा खर्च झेपत नाही, मनोरा मोडीत काढायचाय, बोभाटा नको. आंद्रे प्वासों नावाचा व्यापारी गळाला लागला. पैसे गेले, वर लाचही गेली. पण मी आयफेल टॉवर विकत घेतला हे सांगायचं कुठल्या तोंडाने? त्याने तक्रारच केली नाही, आणि लुस्टिग काही दिवसांनी परत येऊन तोच मनोरा दुसऱ्यांना विकायच्या खटपटीला लागला.

तिकिटं आम्ही घरूनच काढली होती. (आता तिथे आपलं युपीआयही चालतं, २०२४ पासून.) पायथ्याशी काचेची भिंत आहे, तपासणी होते, म्हणून आत चोर नाहीत असं समजू नये. खिसेकापूंच्या टोळ्यांना वैतागून मे २०१५ मध्ये इथल्या कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं होतं, मनोरा काही तास बंद होता. वरून पॅरिस कसं दिसतं ते मी काय सांगणार, सगळ्यांनी फोटो पाहिलेत. मला सेनवरचे पूल मोजत बसायला आवडलं.

रात्री दिवे बघायला परत ट्रोकादेरोला. दहाच्या ठोक्याला पाच मिनिटं सगळा मनोरा लुकलुकला आणि माईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. मेट्रोच्या फलाटावर मराठी कानावर आलं. कोल्हापूरचं जोडपं, नुकतंच लग्न झालेलं, दोन दिवसांनी स्वित्झर्लंडला निघायचं होतं. एकाच डब्यात चढलो, ६ नंबरची लाइन.

पासी स्टेशन सोडलं की ही गाडी जमिनीवरून, थेट नदीवरच्या पुलावरून जाते आणि डावीकडे आयफेल टॉवर येतो. सगळा डबा डाव्या खिडक्यांकडे सरकतो, सगळे मोबाइल वर. पासीला तीन मुली चढल्या होत्या. नीटनेटके कपडे, एकीच्या हातावर उन्हाळ्यातही घडी केलेला कोट. त्या कोल्हापूरच्या पोराला घासून पुढे आल्या. तो "सॉरी, सॉरी" म्हणत मागे सरला आणि त्यांना खिडकीपाशी जागा करून दिली. बीर-हाकेमला दार बंद व्हायची घंटा वाजली आणि त्या क्षणी तिघी बाहेर. दार बंद, गाडी सुरू.

"काकू, पाऊच गेला की ओ!"

दोघांचे पासपोर्ट, फॉरेक्स कार्ड, तीनशे युरो. बायकोच्या खांद्यावरच्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती, आणि ती बॅग अजून खांद्यावरच होती.

पुढच्या स्टेशनला सगळेच उतरलो. मी आधी त्याला कार्डाचं ॲप उघडायला लावलं. कार्ड बंद झालं तोवर ४८ युरोचा एक व्यवहार होऊन गेला होता. टेकवून पैसे द्यायच्या कार्डाला लहान रकमेला पिन लागत नाही, आणि परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी लागतोच असं नाही. त्यामुळे आधी कार्ड, मग रडणं. मग पोलीस ठाणं. १५व्या विभागाचं ठाणं रात्रीही उघडं होतं आणि परदेशी पर्यटकांसाठी इंग्रजीतला तक्रार-अर्जही निघाला. तास दीड तास गेला. कागदावर "हरवलं" नव्हे, "चोरी" लिहून घ्यायला मी त्याला दोनदा बजावलं. विमा मागायचा तर तो फरक नडतो. या कागदाशिवाय वकिलातीत पुढचं पान हलत नाही.

हॉटेलात परतताना माई म्हणाल्या, "त्या पोराने जागा करून दिली गं. चांगल्या घरचा आहे." दिवसभरात ऐकलेलं सगळ्यात खरं वाक्य ते. चोराला आपला खिसा नंतर लागतो, आधी आपला भिडस्तपणा लागतो. धक्का लागला की आपण मागे सरतो, कोणी विचारलं की उत्तर देतो, हातात काही ठेवलं की नको म्हणायला संकोचतो.

सोमवार

सकाळी कोल्हापूरकर १६व्या विभागातल्या भारतीय वकिलातीत गेले. तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते एकाच कामाचं: थेट भारतात परत जायला. स्वित्झर्लंड, इटली असलं काही त्यावर होत नाही, कारण शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या या देशांचा सामाईक व्हिसा, चोरीला गेलेल्या पासपोर्टातच राहिला.

आम्ही लूव्ह्र संग्रहालयाकडे. वाटेत तुइलरी बागेत दोन मुली फायलीला कागद लावून समोर आल्या. एकीने कानाला आणि तोंडाला हात लावून मूकबधिर असल्याची खूण केली, दुसरीने विचारलं, "डू यू स्पीक इंग्लिश?" सही करायची, मग देणगीचा रकाना, आणि आपण पेन धरून वाकलो की फायलीच्या आडून पर्सशी खेळ. आदल्या रात्रीचं ताजं होतं, तरी माईंचा पाय अडखळला. "बिचारी मुकी आहे गं." मी म्हटलं, "वन्सं, भीड भिकेची बहीण. चला." दहा पावलांवर मागे वळून पाहिलं तर बिचारी मुकी मैत्रिणीशी तावातावाने बोलत होती.

इथे एक ठोकताळा सापडला. पॅरिसचा माणूस तुमच्याशी बोलायला लागला तर पहिला शब्द "बोंजूर", म्हणजे नमस्कार, असतो. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना आपणही तो म्हटला नाही तर लोक तोंड फिरवतात, आणि म्हटला की मदतीला धावतात. रस्त्यावर बोंजूरशिवाय थेट "डू यू स्पीक इंग्लिश" म्हणणाऱ्याला मात्र उत्तरच द्यायचं नाही. नाही म्हणायचंही नाही, कारण "नो" हेसुद्धा इंग्रजीच!

लूव्ह्रमध्ये मोना लिसासमोर नागमोडी रांग. चित्र ७७ सेंटिमीटर उंच, ५३ रुंद, जाड काचेआड. माणसं तिच्याकडे पाठ करून सेल्फी घेतात, आणि त्यांच्या तोंडासमोरच्या भिंतीवर असलेलं व्हेरोनेझेचं जवळजवळ दहा मीटर रुंद चित्र कोणी बघत नाही. त्यात लग्नाची पंगत आहे. कुत्री, वाजंत्री, वाढपी, सगळं. माई त्याच्यासमोर बाकावर बसल्या आणि अर्धा तास हलल्या नाहीत.

मोना लिसा एवढी प्रसिद्ध होण्यात चोराचाही वाटा आहे. २१ ऑगस्ट १९११, सोमवार, तेव्हा संग्रहालय सोमवारी बंद असे. विन्चेन्झो पेरुजा या इटालियन कारागिराने, जो पूर्वी इथेच चित्रांना काचा बसवायच्या कामावर होता, ती भिंतीवरून काढली आणि नेली. चित्र जागेवर नाही हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. नंतर लोक रिकामी भिंत बघायला रांगा लावत होते. दोन वर्षांनी, डिसेंबर १९१३ मध्ये, फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याला विकायला गेला तेव्हा सापडला. एप्रिल २०१३ मध्ये इथल्या पहारेकऱ्यांनीही खिसेकापूंविरुद्ध संप करून लूव्ह्र एक दिवस बंद ठेवलं होतं. आणि आम्ही परतल्यावर पाच महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०२५ च्या रविवारी सकाळी, सामान चढवायच्या लिफ्टच्या ट्रकवरून चढून चोरांनी अपोलो दालनातले राजघराण्याचे दागिने आठ मिनिटांच्या आत पळवले. अंदाजे ८८ दशलक्ष युरोंचे. सम्राज्ञी युजेनीचा मुकुट पळताना पडला, तेवढा मिळाला. त्या दालनात आम्ही उभे होतो, आणि माईंनी मुकुटातले हिरे "अस्सलच असतील ना गं?" असं विचारलं होतं.

परतताना नदीकाठी एका बाईने आमच्या पायाजवळून सोन्याची अंगठी "उचलली". तुमची का? नाही? मग घ्या, माझ्या बोटात बसत नाही. आत १८ कॅरटचा शिक्का. आपण घेतली की जेवणाला दहा-वीस युरो मागायचे. माईंनी हातसुद्धा न लावता लांबूनच म्हटलं, "पितळ." बाईला मराठी कळलं नसेल, पण पितळ उघडं पडल्याचं कळलं.

मंगळवार

लूव्ह्र मंगळवारी बंद, म्हणून मोंमार्त्रची टेकडी. आन्व्हेर स्टेशनपासून चढण आहे. फ्युनिक्युलरला, म्हणजे दोराने चढण चढणाऱ्या गाडीला, मेट्रोचंच तिकीट चालतं. २०२५ मध्ये मेट्रोचं तिकीट अडीच युरो होतं. दोन युरोचं एक कार्ड घेऊन त्यावर तिकिटं भरून ठेवली, प्रत्येकाचं वेगळं. यंत्रापाशी "मी काढून देतो" म्हणणारे असतात. त्यांच्या हातून लहान मुलांचं तिकीट पदरात पडतं आणि दंड आपल्याला.

साक्रे-करचं चर्च पांढरंशुभ्र, आत शांत. खरा सामना उतरताना झाला. पायऱ्यांच्या तळाशी रंगीत दोरे घेतलेले आठ-दहा उंचपुरे तरुण. "इंडिया! अमिताभ बच्चन! शाहरुख!" अशी हाक, हसरा चेहरा, पुढे केलेला हात. हातात हात दिला की बोटाला दोरा अडकतो, वेणीसारखा विणला जातो, मनगटावर गाठ बसते आणि मग वीस युरो. गाठ सुटत नाही. धागा दिसला की आपला उजवा हात आपोआप पुढे होतो, हा आपला संस्कार. मी दोघांना आधीच सांगितलं होतं, हात पाठीमागे, नजर समोर, पाय चालू. एकाने अहोंच्या कोपराला धरलं. अहो, ज्यांनी आयुष्यात रिक्षावाल्याशी आवाज चढवला नाही, ते असे काही "ए!" म्हणाले की तो दोन पायऱ्या मागे गेला. आमच्या पुढच्या मुलीच्या मनगटावर दोरा बसला होता. पाच युरो देऊन सुटली.

वर प्लास द्यु तेर्त्रला चित्रकार बसतात. आपली जागा आणि स्टँड असलेले परवान्याचे. दर विचारून, ठरवून बसावं. हातात नुसता बोर्ड घेऊन आपल्यासमोर उलटं चालत परस्पर चेहरा काढायला लागणाऱ्याकडे बघूही नये. बघितलं की चित्र आपलं.

मंगळवार, आणि पॅरिसमध्ये गणपती असताना दर्शन न घेता माई परतणं शक्य नव्हतं. आन्व्हेरहून त्याच २ नंबर लाइनवर ला शापेल. मध्ये बार्बेसला जिन्यावर पोरं "मार्लबोरो, मार्लबोरो" कुजबुजत चोरटी सिगारेट विकत होती. रु पाजोल या रस्त्यावर श्री माणिक विनायकर आलयम आहे, श्रीलंकेच्या तमिळ लोकांनी १९८५ मध्ये सुरू केलेलं. १९९६ पासून इथे दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी गणपतीचा रथ निघतो, रस्त्यात नारळांच्या राशी फोडतात. दाराशी चपला काढताना माई थबकल्या. "इथे राहतील का गं?" राहिल्या. आत कापूर, जास्वंदीचा हार आणि आपलाच बाप्पा. माईंनी अथर्वशीर्ष म्हटलं, तर पुजारीबुवा आरतीचं ताट हातात घेऊन संपेपर्यंत थांबले. नंतर फोबूर सां-दनीच्या रस्त्यावर डोसा खाल्ला. अहोंचा चेहरा त्या आठवड्यात प्रथमच प्रसन्न दिसला.

बुधवार

व्हर्सायचा राजवाडा. आरईआर रेल्वेची सी लाइन. सगळ्या गाड्या तिकडे जात नाहीत, पाटीवर शेवटचं स्टेशन बघून चढायचं. दारात आयफेलच्या किल्ल्या-साखळ्यांचे विक्रेते आणि "रांग न लावता आत" विकणारे. आम्ही वेळेचं तिकीट आधी घेतलं होतं, सरळ आत गेलो. आरसेमहाल ७३ मीटर लांब, ३५७ आरसे. तेव्हा आरशांची कला व्हेनिसची, तिथल्या कारागिरांनी बाहेर जाऊ नये म्हणून कडक बंदोबस्त. चौदाव्या लुईच्या मंत्र्याने, कोल्बेरने, तिथले कारागीर पैसे देऊन फोडून आणले आणि १६६५ मध्ये राजाचा आरसे-कारखाना काढला. म्हणजे हीसुद्धा एका अर्थी पळवापळवीच. बाग सुंदर, पण माईंच्या गुडघ्यांनी पहिल्याच कारंज्यापाशी हात टेकले.

गुरुवार

नोत्र दामचं कॅथेड्रल. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. आतला दगड इतका स्वच्छ केलाय की नवीन वाटतो. काहींना ते खटकतं, मला आवडलं. प्रवेश फुकट, वेळ नोंदवायची तर तीही फुकट. तरी रांगेत एकजण माणशी वीस युरोची "तिकिटं" विकत होता आणि घेणारे होते.

जेवायला शेजारच्या गल्लीत. फळ्यावर दर लिहिलेले असलेली जागा बघितली. पाणी मागताना "काराफ दो" म्हणायचं, नळाचं पाणी सुरईत फुकट येतं. नुसतं "वॉटर" म्हटलं की बाटली, सहा युरो. बिल देताना वेटरने कार्ड मशिनवरचा टिपचा पडदा पुढे केला, "सर्व्हिस धरलेली नाही." फ्रान्समध्ये सर्व्हिस दरातच धरलेली असते आणि बिलावर तसं छापलेलंही होतं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. तो हसला, मीही हसले.

दुपारी ओस्मान बुलेव्हारवर एक गाडी शेजारी थांबली. काच खाली. हातात नकाशा, विमानतळ कुठे? मग गप्पा. मी इटलीचा, कपड्यांच्या प्रदर्शनाला आलो होतो, तुम्ही भारतीय? फार चांगले लोक! ही दोन लेदर जाकिटं उरलीत, भेट म्हणून घ्या. अहोंच्या हातात पिशवी आलीसुद्धा. माल रेक्झिनचा होता, वासावरूनच कळत होतं. आता पुढचं वाक्य येणार हे मला ठाऊक होतं, आणि ते आलंच: कार्ड चालत नाही, पेट्रोलला फक्त दोनशे युरो. मी म्हटलं, "पावती?" त्याला आधी ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. पिशवी खिडकीतून आत गेली, गाडीही गेली. अहो थोडा वेळ तिकडेच बघत होते. "बांधा बरा होता गं," म्हणाले.

शुक्रवार

गॅलरी लाफायेतमधून सुनेसाठी पर्स घेतली होती. एका दुकानात शंभर युरोंच्या वर खरेदी असली की परदेशी पर्यटकाला कर परत मिळतो, पण सामान विमानात द्यायच्या आधी पाब्लो नावाच्या यंत्रावर कागदाचा बारकोड दाखवावा लागतो. वस्तूच बघायला मागितली तर ती हाताशी हवी. विमानतळावर या यंत्रांपुढे मोठी रांग होती. रांगेतही एकजण "मी करून देतो" म्हणत आला. त्याला माईच सामोऱ्या गेल्या. काय म्हणाल्या कोण जाणे, तो तिसऱ्या यंत्राकडे वळला.

गेटवर बसल्यावर कोल्हापूरकरांचा मेसेज आला. सर्टिफिकेट मिळालं, ते आदल्या रात्रीच मुंबईला पोचले होते. विम्याने पासपोर्टचा खर्च द्यायचं कबूल केलंय, रोकड मात्र गेली ती गेलीच. बँकेकडे त्या ४८ युरोंची तक्रार नोंदवली आहे. स्वित्झर्लंडच्या हॉटेलचे पैसे परत मिळणार नाहीत, रेल्वेच्या पासाचं अजून उत्तर आलेलं नाही. खाली लिहिलं होतं, "काकू, नवीन पासपोर्टला अर्ज करताना पोलीस तक्रारीचं भाषांतर करून लागतंय काय ओ?"